तुम्ही विचारलंत म्हणून: लॉ फर्मला पत्र लिहिताना

"मॅडम, मुंबईच्या फर्मला अर्ज करायचाय, कव्हर लेटरमध्ये काय लिहू?" नांदेड, लातूर, परभणीकडची नवी वकील मंडळी मला हे सारखं विचारतात. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र कुणी उघड विचारत नाही: आपण कुठले, हे झाकायचं कसं?

झाकू नका. का, ते सांगते. आधी साचा उरकून घेऊ. पत्र एका पानाचं. सुरुवातीलाच कुठल्या जागेसाठी अर्ज आहे, सनद कधी मिळाली, ऑल इंडिया बारची परीक्षा झाली की बाकी आहे, रुजू कधी होता येईल, एवढं येऊ द्या. ज्या पार्टनरच्या टीममध्ये जागा आहे त्यांचं नाव फर्मच्या वेबसाइटवर सापडतं, ते शोधून लिहा. 'विनंती अर्ज करतो की' ही तहसीलदारासाठीची भाषा इंग्रजीत नेऊ नका. पगाराचा विषय पत्रात नको.

आता मुख्य गोष्ट. दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ६ रूल २ तुम्ही घोकलेला असतो: दाव्यात महत्त्वाच्या घटना थोडक्यात मांडायच्या, पुरावा मांडायचा नाही. पत्रालाही तोच नियम लावा. रेझ्युमे म्हणजे दाव्यासोबतची कागदपत्रांची यादी, ती पत्रात परत उतरवायची नसते. 'मी मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर आहे' ही तर घटनाही नाही आणि पुरावाही नाही. आणि याच फर्मकडे का, हे पत्रात नसेल तर कॉज ऑफ ॲक्शनच नाही, म्हणजे दावा लावायला कारणच नाही. असा दावा सात-अकराखाली, म्हणजे ऑर्डर ७ रूल ११ खाली, सुरुवातीलाच नामंजूर होतो, तसं पत्रही जातं. 'आपल्या प्रतिष्ठित फर्ममध्ये' एवढ्यावर कॉज ऑफ ॲक्शन होत नाही हो.

जिंतूरकडची एक मुलगी पत्र घेऊन आली होती. सगळं पान मूट कोर्ट (कॉलेजातले लुटुपुटूचे खटले) आणि कॉर्पोरेट कायद्याची आवड यांनी भरलेलं. मी विचारलं, सध्या सिनियरकडं काय करतेस? म्हणाली, "काही नाही मॅडम, नुसतं सर्चला, जमिनीचे जुने व्यवहार शोधायला, जाते." त्या 'काही नाही'त काय होतं? तीस वर्षांचे सर्च रिपोर्ट, जुने फेरफार, १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), शिवाय उर्दू नोंदी वाचून घ्यायला कुणाकडं जायचं याची माहिती. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कूळ कायदा, आपल्याकडं मराठवाड्यात, तेव्हा हैदराबाद राज्यात असल्यामुळं, १९५० चा हैदराबादचा. संरक्षित कुळाला कलम ३८-ई खाली मिळालेली जमीन विकताना त्याच कायद्याचं कलम ५०-ब, म्हणजे परवानगीची अट, आडवं येतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं ज्या फर्मला पत्र लिहिलं होतं, ती सौर प्रकल्पांसाठी जमिनींचे टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासते. मग काय, सगळं पुन्हा लिहायला लावलं. मधला परिच्छेद साधारण असा झाला: 'मराठवाड्यातल्या शेतजमिनींचे टायटल मी तपासते. एका प्रकरणात सातबारा स्वच्छ होता, पण जुन्या फेरफारात कुळाची नोंद निघाली. विक्रीला परवानगी लागणार हे खरेदीखताआधीच लक्षात आलं. आपल्या प्रकल्पांच्या जमिनींसाठी हेच काम मला करायचं आहे.' मूट कोर्ट रेझ्युमेत राहिलं, तिथंच ते शोभतं.

तिच्या परिच्छेदात पक्षकाराचं नाव नाही, गट नंबर नाही, हेही बघून ठेवा. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं गुप्त राखायचं हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. तो कायदा नसता तरी, आजच्या सिनियरची प्रकरणं नावानिशी लिहिणारा उद्या आमचीही लिहील, हे वाचणाऱ्याच्या मनात येतंच.

इंग्रजीची धास्ती फार असते. छोटी वाक्यं लिहा, व्याकरण कुणाकडून तरी तपासून घ्या. चॅटजीपीटीकडून अख्खं पत्र लिहून घेतलं तर ते गुळगुळीत होतं आणि शेजारच्या दहा अर्जांसारखंच दिसतं. शिवाय मुलाखतीत त्यातल्या ओळीवर बोट ठेवून कुणी विचारलं, तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

हे सगळं फर्मसाठी. इथं उच्च न्यायालयाच्या खंडपीठात एखाद्या सिनियरकडं ज्युनियर म्हणून लागायचं असेल तर पत्राच्या भानगडीत पडू नका. ओळखीच्या वकिलाकडून फोन करवा, कोर्ट उठल्यावर संध्याकाळी चेंबरला जा, सनदेची झेरॉक्स सोबत असू द्या. फायली बघत ते तासभर बसवून ठेवतील, तर बसा.