सरांनी शिकवलं तसं मँचेस्टर बघितलं

आमचे इतिहासाचे सर नववीच्या वर्गाला जुन्या मिलच्या आवारापाशी चालवत न्यायचे. ही मिल १८७७ ची, भोंगा झाला की निम्मं सोलापूर उठायचं असं सांगायचे, आणि मग घरी जाऊन आजोबांना मिलबद्दल काहीतरी विचारून या हा गृहपाठ. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरात कोणी ना कोणी मिलमध्ये होतंच.

पुढं टेक्स्टाईल इंजिनिअरिंगला असताना कॉलेजतर्फे एक टर्म मँचेस्टरला जायला मिळालं. पहिल्या सुट्टीला बरीचशी पोरं फुटबॉलचं स्टेडियम बघायला पळाली आणि मी मैत्रिणींना घेऊन सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमला गेले, ते १८३० च्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागेवरच आहे. तिथं जुनी कापसाची मशिनं खरंच चालवून दाखवतात. साचा, म्हणजे कापड विणायचा माग, सुरू झाला आणि शेजारची काय बोलतेय तेच कळेना. दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या की इथले कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलायचे, आणि मला एकदम आमचे आजोबा दिसले! सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या साचेखात्यात होते ते, रिटायर झाल्यावरसुद्धा जेवताना भाकरी पाहिजे तर तोंड मोठं उघडून, हाताचा पंजा पुढं करून सांगायचे, आवाज नाहीच. आम्हाला वाटायचं हा त्यांचा स्वभाव.

मग रॉयल एक्स्चेंज बघितलं. एवढा मोठा कापसाचा बाजार, आता आत थिएटर आहे, पण १९६८ ला व्यवहार बंद झाले त्या शेवटच्या दिवसाचे भाव वर बोर्डावर तसेच ठेवलेत. मी मान वर करून किती वेळ बघत होते. आपल्याकडं मिल बंद पडल्या तेव्हाचं असं काय जपलंय आपण?

पण सगळ्यात आवडला तो लिंकनचा पुतळा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या मिल बंद, घरोघरी उपासमार, तरीपण मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. जानेवारी १८६३ मध्ये लिंकननं त्यांना आभाराचं पत्र लिहिलं, त्यातला मजकूर पुतळ्याखाली कोरलाय. तो वाचताना मला आपला सोलापूरचा चार हुतात्म्यांचा चार पुतळा चौक आठवला, १२ जानेवारीला शाळेतून रांगेनं जायचो तो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, ही नावं मी तिथं मैत्रिणींना सांगितली, १९३० चा मार्शल लॉ सांगितला, १९३१ ची फाशी सांगितली. केरळची मैत्रीण म्हणाली, तुला तुझं गाव एवढं कसं काय माहिती गं? सरांमुळं, दुसरं काय!

आता ती मिलची फेरी होत नाही असं ऐकलं, फार वाईट वाटलं. शाळेनं ती परत सुरू करावी ही मनापासून विनंती आहे. आजोबांचं मिलचं ओळखपत्र आणि पगाराची पाकिटं मी सांभाळून ठेवलीत, ती मुलांना दाखवायला घेऊन येते, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा म्हणजे पुण्याहून पोचता येईल.