चकतीचं गाव

नाशिकमध्ये गोल्फ क्लब नावाचं एक मोठं मैदान आहे आणि तिथे गोल्फ सोडून सगळं चालतं. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, कडेच्या ट्रॅकवर सकाळी निम्मं गाव साखर उतरवायला फिरत असतं, पण रिक्षावाल्याला सांगताना आपण गोल्फ क्लबच सांगतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी डिस्क गोल्फ खेळायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा तिथेच गेलो. म्हटलं, नावाला तरी जागू. पहिली चकती डॉक्टरांनी फेकली. ती बाणासारखी सरळ गेली आणि शेवटी शेवटी मन बदलल्यासारखी डावीकडे वळून, फिरायला आलेल्या एका आजोबांच्या बुटांपाशी विसावली. आजोबांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ताट म्हणायचं का झाकण?"

तेव्हापासून आम्हाला हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारला जातोय. ताटली फेकताय का? सुदर्शन चक्राची प्रॅक्टिस का? कुत्रा कुठंय तुमचा? (हा शेवटचा प्रश्न कॉलेज रोडच्या पोरांचा. त्यांनी रीळमध्ये बघितलेलं असतं.)

खरं तर खेळ सांगायला सोपा आहे. गोल्फसारखाच, फक्त चेंडूच्या जागी भाकरीएवढी, पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेरची प्लास्टिकची चकती आणि भोकाच्या जागी खांबावर बसवलेली टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा जोर मोडतो आणि ती खाली टोपलीत पडते. कमी फेकींत जो पोचेल तो जिंकला. आता भोक नसतानाही त्या खेळातले लोक टोपलीला 'होल' का म्हणतात ते विचारू नका. आपणही गोल्फ नसताना गोल्फ क्लब म्हणतोच की. आणि उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली चकती वेग सरला की डावीकडे ढळते, तो तिचा स्वभावच आहे. हे आम्ही आजोबांच्या बुटांवरून शिकलो.

आमच्या चकत्या डॉक्टरांच्या भाच्याने अमेरिकेतल्या शार्लटहून आणल्या. तिथे तो शिकतो आणि शिकून उरलेल्या वेळात खेळतो. टोपली मात्र अस्सल नाशिकची आहे. आमच्यातल्या मिस्त्रीचं अंबडला फॅब्रिकेशनचं शेड आहे. त्याने दीड इंची पाइपवर द्राक्षांचं प्लास्टिकचं क्रेट बसवलं आणि वरून सायकलच्या जुन्या चेन सोडल्या. खेळून घरी गेलो की पाचही जणांच्या शर्टांवर ग्रीस. घरोघरी बोलणी बसल्यावर डॉक्टरांनी माळ्यावरून एक गाठोडं काढलं. जुन्या नाशकातला त्यांचा वाडा पाडला तेव्हा झोपाळ्याची फळी कुणीतरी नेली, पण पितळी कड्या त्यांच्या आईने जपून ठेवल्या होत्या. एका कडीवर मोर होता, एकीवर हत्ती, आणि हत्तीची सोंड दोन पिढ्यांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. मिस्त्रीने त्या ग्राइंडर न लावता, नुसत्या एस आकाराच्या हुकांनी अडकवल्या. आता चकती लागली की खळ्ळ असा आवाज येतो, माजघरात कुणीतरी झोक्यावरून उठल्यासारखा. डॉक्टरांच्या आई एकदा बघायला आल्या होत्या. चांगला नेम लागलेला त्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, "तेल द्या रे तिला, करकरत्येय." कडीला तेल दिलं की चकती पुन्हा तेलकट होते, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

तर, बाहेर जाऊन खऱ्या मैदानावर खेळून यायचं, ही टूम सरांनी काढली. सर भूगोल शिकवतात. त्यामुळे सगळं जग त्यांना शाळेच्या सहलीएवढं दिसतं. गेले चार महिने दर रविवारी मिसळ खाता खाता आमचं एकच चाललंय, जायचं कुठल्या गावाला?

डॉक्टर शार्लटवर अडून होते. भाच्याकडे राहायची सोय, शहराच्या आजूबाजूला मैदानंच मैदानं, आणि अमेरिकेत बहुतेक मैदानं सार्वजनिक बागांमध्ये असल्याने खेळायला पैसे पडत नाहीत. हा मुद्दा हिशेबनीस म्हणून मला फार पटला होता. पण भाच्याच्या दोन खोल्यांत पाच घोरणारी माणसं, हे चित्र डॉक्टरांच्या बहिणीनेच फोनवर मोडून काढलं.

मिस्त्रीने एम्पोरिया काढलं. कॅन्ससमधलं हे गाव आपल्या सिन्नरपेक्षाही लहान आहे, पण मोठ्या स्पर्धेच्या वेळी अख्खं गाव याच खेळाचं होऊन जातं. 2022 ची जागतिक स्पर्धा तिथेच झाली. मिस्त्रीला कळलेलं एम्पोरिया म्हणजे असं ठिकाण, जिथे हातात चकती घेऊन रस्त्याने निघालं तर कुणी मान वळवून बघत नाही. ते सांगताना तो जरा हळवा झाला. अंबडच्या चहाच्या टपरीवर त्याला गेली दोन वर्षं 'काय मिस्त्री, आज ताटं घडवली का' असं ऐकावं लागतंय. आम्हाला सगळ्यांनाच खरं म्हणजे तेच हवं होतं. मैदान चांगलं असावं हे झालंच, पण एक आठवडा तरी कुणी काही विचारू नये.

माझं मत मात्र तीर्थाला होतं. नाशिकच्या माणसाला सहल म्हटलं तरी आत कुठेतरी यात्राच ऐकू येते. या खेळाचं त्र्यंबक म्हणजे कॅलिफोर्नियात पासाडेनाशेजारचं ओक ग्रोव्ह. 1975 साली तिथे पहिलं कायमचं मैदान झालं. ते आखणाऱ्या एड हेड्रिकनेच साखळ्यांची टोपली शोधून काढली आणि पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटनाही काढली. मैदानाला लागूनच ती प्रयोगशाळा आहे, जिथून मंगळावर गाड्या पाठवतात. म्हणजे कुंपणाच्या एका बाजूला माणसं मंगळावर नेम धरतात आणि दुसऱ्या बाजूला टोपलीवर.

हेड्रिक 2002 मध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या पाडल्या आणि त्या घरच्यांना, मित्रांना, चाहत्यांना मिळाल्या. हे मी सांगितलं तेव्हा मिसळीच्या टेबलावर रश्श्याची वाटी हातात तशीच धरून सगळे थांबले. आम्ही रामकुंडाच्या गावची माणसं. लांबलांबून लोक गाठोडी घेऊन येतात आणि इथे पाण्यात सोडून, हात जोडून, पुढची गाडी पकडतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. अस्थी पाण्यात सोडायच्या असतात, हवेत फेकायच्या नसतात, असं आमचं आतड्यातलं व्याकरण. आमच्यातला पाचवा, अण्णा, बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि ती झाडाच्या शेंड्यात अडकली तर?" डॉक्टर म्हणाले, "तर मुक्ती नाही." सरांना ठसका लागला. मला मात्र त्या माणसाचा हेवा वाटला. आपण गेल्यावरही आपल्याला शोधत कुणी रविवार सकाळचं गवत तुडवतंय, शिव्या घालतंय, सापडल्यावर शर्टाला पुसतंय. एवढी विचारपूस तर माझी जिवंतपणी होत नाही.

तरीही ओक ग्रोव्ह पडलंच. कारण गावाच्या आधी महिना ठरवावा लागतो, हे आम्हाला उशिरा उमगलं. अण्णाची दिंडोरी रोडला द्राक्षबाग आहे. जानेवारीपासून काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटणी, आणि मधल्या पावसात फवारणीचा पंप पाठीवरून उतरत नाही. सरांना सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत. पाऊस रुळला की डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकं पुरत नाहीत. मला मार्च नाही, जुलै नाही, सप्टेंबर तर नावालाही नाही. सगळ्यांची छाटणी करून हातात उरला तो जूनचा पहिला पंधरवडा. त्या दिवसांत कॅन्ससमध्ये वावटळींचा मोसम, आणि आपल्या वावटळी पाचोळा उडवतात, त्यांच्या छपरं उडवतात. शार्लटला तेव्हा मुंबईसारखा घाम. शिवाय अमेरिकेच्या व्हिसाचं नाव काढलं की मिस्त्रीला शेडच्या कर्जाचे कागद आठवतात आणि तो गप्प होतो.

मग सरांनी हुकमाचं पान टाकलं. टाम्पेरे, फिनलंड. तिथे गावागावात मैदानं आहेत. टाम्पेरे आणि शेजारचं नोकिया यांनी मिळून 2025 ची जागतिक स्पर्धा भरवली, ती स्पर्धा युरोपात होण्याची ती पहिलीच वेळ. नोकिया हे गावाचं नाव आहे हे ऐकून अण्णाला इतका आनंद झाला की त्याने खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. तो वेगळ्याच कंपनीचा होता, पण भावना पोचली. जूनमध्ये तिथे रात्री अकराच्या सुमारास सूर्य मावळतो, तेही नावापुरता. म्हणजे सकाळी एक डाव, जेवण, झोप, दुपारी एक, आणि रात्री जेवून पुन्हा एक. मैदानं पाइन आणि बर्चच्या जंगलातली. शहर दोन तळ्यांच्या मधोमध वसलेलं. त्यातल्या एकाचं नाव नॅसियार्वी. "नाशिकार्वीच म्हणा," डॉक्टर म्हणाले आणि तिथेच त्यांचं मत फिरलं. भाच्याला काय सांगायचं हा प्रश्न त्यांनी बहिणीवर सोपवला.

मिस्त्रीने शंका काढली, पण तीही वाजवी. आपण नाशिकला, समुद्रापासून सहाशे मीटर उंचीवर खेळतो. हवा विरळ असली की चकती तरंगत कमी राहते आणि लवकर डावीकडे ढळते. टाम्पेरे आपल्यापेक्षा बरंच खाली. तिथे आपले नेम उजवीकडे चुकतील. सरांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुझे नेम आत्ता कुठे जातात?" प्रश्न मिटला. शाकाहाराचं मी बघतो म्हणालो. दशम्या, मेतकूट आणि दोन किलो चिवडा एवढ्यावर नाशिकचा माणूस उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन येतो.

गाव ठरलं त्या रविवारी आम्ही अण्णाच्या मळ्यात होतो. गोल्फ क्लबची हद्द सोडून आम्ही आता तिथेच खेळतो. बागेच्या कडेला थोडं पडीक आहे, मधोमध टोपली, आणि विहीर, आंबा, पंपघर, बांध, बैलगाडीचं जुनं चाक अशा पाच ठिकाणांहून फेकायचं. टोपली एकच असल्यामुळे कितीही फिरलं तरी आपण तिथेच येतो. डावीकडे ढळलेल्या चकत्या द्राक्षांच्या मांडवात शिरतात. त्या शोधून द्यायचं काम बागेतल्या एका मावशींनी आपण होऊन अंगावर घेतलंय. ओळीत कमरेत वाकून त्या अशा शिरतात की आमची चकती आम्हाला दिसायच्या आत त्यांच्या हातात असते. आम्हाला 'हे काय खेळताय' असं न विचारणारं नाशकातलं एकमेव माणूस.

आमचा गलका ऐकून मावशी बांधावर येऊन बसल्या. अण्णाने सांगितलं, लांबच्या देशात चाललोय, हेच खेळायला. त्यांनी पदराने चकतीची माती पुसली आणि म्हणाल्या, "जा की. पण तिकडं चकत्या कोण हुडकून देणार तुम्हाला?"

सरांनी समजावलं की तिकडे एक रीत असते. चकतीच्या पाठीवर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवायचा. हरवली आणि कुणाला सापडली की तो फोन करतो.

"मंग लिवा ना," मावशी म्हणाल्या. "परवा ती निळी सापडली, तर कोणाची म्हणून मी सगळ्यांची तोंडं बघत बसले."

सरांनी शर्टाच्या खिशातून मार्कर काढला. पाचही चकत्या मावशींच्या पुढ्यात ओळीने मांडल्या. पहिलीवर अण्णाचा नंबर लिहून झाला, तशी मावशींनी ती हातात घेऊन उन्हाकडे धरली, आकडे बोटाने मोजले आणि खाली ठेवत म्हणाल्या, "माझा पण टाका एखादीवर."