उडत्या विमानात नळी घालताना

एअर ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला सुरुवातीलाच बजावले जाते की, श्वासमार्गाविषयी शंका असेल तर श्वासनलिकेत नळी जमिनीवरच घालून घ्यावी. मेंदूत रक्तस्राव झालेला तो रुग्ण निघताना स्वतःचे नाव सांगत होता आणि सांगितल्यावर हात दाबत होता. निव्वळ खबरदारी म्हणून त्याला भूल दिली असती, तर त्याची शुद्ध कितपत टिकून आहे हे वाटेत तपासताच आले नसते, म्हणून निघताना नळी घातली नाही. विमान उंचीवर स्थिरावल्यानंतर मात्र त्याचे बोलणे थांबले, श्वास घोरल्यासारखा होऊ लागला आणि पाठोपाठ उलटी झाली. शुद्ध किती आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवरील गुण आठच्या खाली गेले होते. जवळच्या विमानतळावर उतरेपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते.

वैमानिकाला कल्पना देऊन विमान शक्य तितके स्थिर ठेवण्याची आणि केबिनमधील दाब वाढवण्याची विनंती केली. केबिनची उंची ८,००० फुटांइतकी असेल, म्हणजे आतली हवा तेवढ्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ असेल, तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश उरतो आणि श्वास थांबल्यावर ऑक्सिजनची पातळी लवकर घसरते. म्हणून डोक्याकडची बाजू उंच करून आधी तोंडावरील मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला आणि नाकातील नळीतून मिनिटाला १५ लिटरचा प्रवाह पुढेही चालू ठेवला. तेवढ्यात सिस्टरांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, कारण उन्हाची तिरीप थेट व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशातले दृश्य कॅमेऱ्याने दाखवणाऱ्या उपकरणाच्या, स्क्रीनवर येत होती.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपची दोन प्रकारची पाती आमच्याजवळ होती. जास्त वाकलेल्या पात्याने स्वरयंत्र सहज दिसते, पण नळीला तोच बाक घेऊन वळवावे लागते, आणि दिसले म्हणजे नळी गेलीच असे मुळीच नाही. शिवाय घशात उलटी असताना कॅमेऱ्याची काच बरबटली, तर त्या पात्यातून डोळ्याने सरळ पाहण्याची सोय उरत नाही. म्हणून मी १९४३ पासून वापरात असलेल्या मॅकिंटॉश घडणीचे, कमी वाकलेले पाते निवडले आणि बूजी, म्हणजे नळीला वाट दाखवणारी बारीक लवचिक कांडी, हाताशी ठेवली. नळी गेलीच नाही तर स्वरयंत्राच्या वर बसणारे आय-जेल हे साधन आणि तेही जमले नाही तर मानेतून श्वासनलिकेला छेद, हा क्रम सर्वांना मोठ्याने सांगितला.

भुलीसाठी केटामाइन आणि स्नायू सैल करण्यासाठी किलोला १.२ मिलिग्रॅम या हिशेबाने रोक्युरोनियम दिल्यावर जाड सक्शन नळी पुढे आणि पाते तिच्या मागे, असे जिभेवरून सरकत गेलो. आधी स्क्रीनवर नुसता पिवळट फेस दिसला, मग तो ओढला गेला आणि एपिग्लॉटिसची, म्हणजे स्वरयंत्रावरच्या झाकणाची, कड वर आली. स्वररज्जूंचा फक्त मागचा भाग दिसत होता. इंजिनाच्या आवाजात काही समजावत बसण्याची गरज पडली नाही, कारण मला जे दिसत होते तेच सिस्टरांनाही दिसत होते. त्यांनी बाहेरून स्वरयंत्र मागे, वर आणि किंचित उजवीकडे दाबले आणि फट उघडली. बूजी आत गेली, तिच्यावरून नळी सरकवली. दोघांना एकच दृश्य दिसणे, हाच माझ्या मते विमानात व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा खरा फायदा आहे. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या ‘डिव्हाइस’ चाचणीत पहिल्या प्रयत्नातील यश व्हिडिओने ८५.१ टक्के आणि साध्या लॅरिंगोस्कोपने ७०.८ टक्के होते. मात्र ते रुग्ण जमिनीवरच्या इमर्जन्सी विभागांतले आणि अतिदक्षता विभागांतले होते.

त्या आवाजात स्टेथोस्कोपचा उपयोग नव्हताच. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर श्वासागणिक चौकोनी लाट येत राहिली, तेव्हाच नळी बांधली आणि मेंदूवरील दाब लक्षात घेऊन कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान राहील असा व्हेंटिलेटर लावला.

पुढचे काम कफचे, म्हणजे नळीच्या टोकाजवळ हवेने भरायच्या फुग्याचे होते. जमिनीवर भरलेला कफ वर गेल्यावर फुगतो. आमचा तर उंचीवरच भरलेला होता, त्यामुळे विमान खाली येऊ लागल्यावर तो आकसून गळती सुरू होणार आणि घशातील स्राव फुप्फुसात उतरणार, ही भीती होती. उतरताना कफमधील दाब मोजणारा मॅनोमीटर जोडूनच ठेवला. दाब २० सेंटिमीटर पाण्याच्या खाली जाताच थोडी हवा भरली, आणि धावपट्टीवर थांबल्यावर पुन्हा एकदा तपासून, तो आकडा, नळीची खोली आणि औषधांच्या वेळा लिहिलेला कागद पुढच्या पथकाच्या डॉक्टरांच्या हाती दिला.