काकांच्या बेस गिटारचं मूळ गाव

आमच्या घरात ती कायम ‘काकांची फेंडर’ होती. फेंडर म्हणजे अमेरिकेची नावाजलेली गिटार कंपनी. काका परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. संध्याकाळी मात्र ते ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे, आणि गणपतीचे दहा दिवस तर घरी फक्त आंघोळीपुरते यायचे. ते गेल्यानंतर दीड वर्षाने काकूने गिटार माझ्या हातात दिली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि चुलतभावाचं म्हणणं होतं, खरी फेंडर असेल तर चांगले पैसे येतील. काकूने एकच बजावलं, “जे असेल ते खरं सांगून विक. ह्यांच्या वस्तूबद्दल कुणी फसलं असं व्हायला नको.”

गिटारवर काळ्या ड्युको रंगाचा जाड थर होता. हेडस्टॉकवर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकावर, नाव नव्हतं, तिथलं लाकूड घासून काढलेलं होतं. काकांनी फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या (नेकवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या, उपटून खाचा एम-सीलने भरल्या होत्या, म्हणजे ती फ्रेटलेस करून टाकली होती. आकार फेंडरच्या जॅझ बेस ह्या मॉडेलचा, तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप, आणि व्हॉल्यूम-टोनची बटणं एका क्रोमच्या पट्टीवर. लांबून पाहणारा कुणीही फेंडरच म्हणाला असता.

मी सुरुवात पॉटपासून, म्हणजे त्या बटणांखालच्या फिरत्या भागांपासून, केली. क्रोमची पट्टी उलटी करून व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवरची धूळ ब्रशने काढली आणि भिंगातून पाहिलं. सात आकडे होते: १३७७९२३. हे वाचायची रीत ठरलेली आहे. पहिले तीन आकडे कारखान्याचे, आणि १३७ म्हणजे अमेरिकेची सीटीएस कंपनी. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९७९ चा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. त्या काळात फेंडर बहुतेक सीटीएसचे पॉट वापरायची. मी त्याच रात्री चुलतभावाला फोन करून सांगितलं की फेंडर आहे, १९७९ ची.

तो फोन मी घाईने केला. दुसऱ्या दिवशी मापं घेतली तेव्हा गाडी अडली.

नटपासून, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटच्या खाचेपर्यंत ४३२ मिलिमीटर, म्हणजे तारेची पूर्ण लांबी (स्केल) त्याच्या दुप्पट, ८६४, चौतीस इंच. नटजवळ नेकची रुंदी ३८ मिलिमीटर. इथवर सगळं जॅझ बेससारखंच. पण दोन पिकअपच्या मध्यांमधलं अंतर भरलं ९२ मिलिमीटर. फेंडरने सत्तरच्या दशकात मागचा पिकअप ब्रिजच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या, दिशेने साधारण एक सेंटिमीटर सरकवला होता, त्यामुळे १९७९ च्या जॅझ बेसमध्ये हे अंतर १०२ च्या आसपास हवं. शिवाय त्या काळात जॅझ बेसची नेक तीन स्क्रूंवर बसवलेली असायची. इथे चार होते. पॉट १९७९ चे आणि लाकूड साठच्या दशकातल्या नमुन्याचं, हे जुळत नव्हतं.

मग वाटलं, बॉडी साठच्या दशकातली अस्सल असेल आणि पॉट नंतर बदलले असतील. तसं असतं तर किंमत कित्येक पटींनी वाढली असती. खरं सांगायचं तर तसं निघावं अशी मनातून फार इच्छा होती, म्हणूनच क्रोमची पट्टी पुन्हा उघडली आणि ह्या वेळी पॉटऐवजी पॉट ज्या भोकांत बसले होते ती भोकं पाहिली.

तिन्ही भोकांच्या कडेला कानशीच्या बारीक रेघा होत्या. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि रेघा होत्या तिथलं क्रोम उडून खालचा धातू उघडा पडला होता. सीटीएसच्या पॉटची आटे असलेली मान इंचाच्या मापाची, तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मेट्रिक मापाच्या जपानी पॉटची मान त्याहून बारीक असते. मूळ भोक लहान होतं आणि अमेरिकन पॉट बसावा म्हणून कुणीतरी ते गोल कानशीने हळूहळू वाढवलं होतं. फेंडरच्या कारखान्यातून आलेल्या पट्टीला असं करायची गरजच पडली नसती. ज्या पॉटच्या जोरावर मी गिटार अमेरिकेची ठरवली, त्याच पॉटसाठी केलेल्या कानसकामाने ती अमेरिकेची नाही हे दाखवून दिलं. त्या रेघा कुणाच्या हातच्या हे मला लगेच कळलं. काका कानस एका बाजूला दाबून चालवायचे, आमच्या खिडकीच्या कडीलाही तशाच रेघा आहेत.

मग हेडस्टॉक. नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या, ट्रस रॉडच्या, तोंडाभोवती, घासलेल्या लाकडात, तीन बारीक भोकं लाकडाच्या भुशाने बुजवलेली सापडली. म्हणजे तिथे कधीकाळी प्लास्टिकचं छोटं झाकण होतं. फेंडरच्या त्या काळच्या जॅझ बेसला असं झाकण नसे. जपानी नकलांना सर्रास असे.

शेवटी नेक उतरवली. नेकचे स्क्रू बसतात ती मागची पट्टी पितळेची होती, जाड, हाताने कापलेली, नंबर नाही की नाव नाही. ती काढली आणि खाली रंगात एका लहान पट्टीचा ठसा दिसला. ठशाच्या आत काळा ड्युको नव्हता, तिथे मूळचा तपकिरी सनबर्स्ट रंग तसाच होता. ठशाच्या एका कोपऱ्यात लाकूड खोल दबलं होतं, नखाएवढा खड्डा.

मी काकूला विचारलं, काकांच्या हत्यारांचं काय केलंस? तिने माळ्यावरून बिस्किटाचा चौकोनी डबा काढायला लावला. त्यात उपटलेले फ्रेट, चार जुने पॉट, ब्रिजचं क्रोमचं झाकण, आणि तेलकट कापडात गुंडाळलेली एक स्टीलची पट्टी. तिचा एक कोपरा आत वाकलेला होता. बॉडीवर ठेवली तर चारही भोकं जुळली आणि वाकलेला कोपरा त्या खड्ड्यात बरोबर बसला. इतक्या दिवसांच्या खटपटीत मला खरा आनंद त्या एका क्षणी झाला. पट्टीवर अक्षर एच, मग ७६, मग चार आकडे.

इबानेझ ह्या जपानी ब्रँडची त्या काळची पद्धत अशीच होती. १९७५ पासून अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढचे दोन आकडे वर्षाचे. एच म्हणजे ऑगस्ट. ऑगस्ट १९७६. इबानेझ हे नागोयाच्या होशिनो गाक्कीचं नाव, आणि त्यांच्या इलेक्ट्रिक गिटार त्या काळात बहुतेक मात्सुमोतोच्या फुजिगेन गाक्की कारखान्यात बनत. फेंडर आणि गिब्सन ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या गिटारच्या हुबेहूब नकला तिथून जगभर जायच्या. पुढे १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने हेडस्टॉकच्या आकारावरून अमेरिकेत दावा लावला. ह्या गिटारचं नकलेपण मला अजिबात खुपत नाही. नेक पन्नास वर्षांत सरळच्या सरळ आहे.

काकूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जपानचीच ती. बोटीवर असणाऱ्या एकाकडून घेतली होती. फेंडर म्हणायचा तो स्टेजवरचा निवेदक, हे स्वतः कधी तसं म्हणाले नाहीत.” आणि वाकलेला कोपरा? “नाशिकहून प्रोग्रॅम करून येताना टेम्पोतून पडली. तोंडाशी पार सोलवटली. हे रात्रभर बोलले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून पितळेचा तुकडा घेऊन आले.”

विकताना मी सगळं लिहून दिलं: इबानेझ, ऑगस्ट १९७६, फ्रेट काढलेले, रंग नंतरचा, पॉट १९७९ चे. फ्रेटलेस वाजवणाऱ्या एका मुलाने घेतली. फेंडरच्या मानाने पैसे कमी आले, पण ऑपरेशनला हातभार लागला. स्टीलची पट्टी मी शिकंज्यात धरून सरळ केली आणि तीच परत बसवून दिली. पितळेची काकूने मागून घेतली. चिंचेने घासून लख्ख केली आणि काकांच्या फोटोखाली ठेवली आहे.