रोजच्या सहा किलोमीटरसाठी जुनी गाडी निवडताना : माझा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या कमरेच्या मणक्याची चकती सरकली आणि डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद करायला सांगितली. नागपुरातला मानेवाडा ते धंतोली हा शाळेचा रस्ता मी अकरा वर्षे स्कूटरवर केला होता. अंतर एका बाजूने जेमतेम सहा किलोमीटर; तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक आणि अजनीचा पूल ओलांडत सकाळी वीस मिनिटे लागतात, तर परतताना अर्धा तास. महिन्याचे तीनशे किलोमीटरसुद्धा होत नाहीत. एवढ्या वापरासाठी नव्या गाडीचा हप्ता पाच वर्षे भरत राहणे मला पटेना, म्हणून सहा लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची आणि शक्य तितके पैसे वाचवायचे, असे घरी ठरले. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे शोधायला तेवढा अवधी हाताशी होता.

पहिली चूक होता होता राहिली ती डिझेल गाडीच्या बाबतीत. ओळखीतल्या एकांकडे २०२० सालची डिझेल एसयूव्ही होती. गाडी उंच, दणकट, उत्तम राखलेली, एव्हरेजही चांगले. मी जवळजवळ होकार दिला होता, परंतु त्याआधी आमच्या वस्तीतल्या मिस्त्रींना एकदा दाखवावी म्हणून घेऊन गेले. ते तीस वर्षांपासून गाड्यांचे काम करत आहेत. त्यांनी बोनेट उघडण्याआधीच मला विचारले, की रोज किती चालवणार. मी अंतर सांगितल्यावर म्हणाले, “मॅडम, सहा किलोमीटरमध्ये इंजिन धड गरम बी नाही होत, मंग काजळी जळन कशी?”

त्यांच्या या एका वाक्यामागचे कारण मी नंतर नीट समजून घेतले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि त्यांसोबत डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी एक गाळणी आली. ही गाळणी भरत आली, की गाडी जास्तीचे डिझेल वापरून तिचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे एका लयीत चालावी लागते. ज्या गाडीचे इंजिन गरम होते न होते तोच शाळेचे फाटक येते, तिच्यात ही सफाई दर वेळी अर्ध्यावर तुटते, न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी गाळणी बदलण्याचा मोठा खर्च अंगावर येतो. त्या एसयूव्हीत काहीही दोष नव्हता. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्या माणसासाठी ती उत्तमच होती, माझ्यासाठी नव्हती.

सीएनजीचा विचार फार काळ टिकला नाही. माझा पेट्रोलचा महिन्याचा खर्च दोन-सव्वादोन हजारांच्या पुढे जाणार नव्हता, त्यात वाचून वाचणार किती, आणि त्यासाठी डिक्की टाकीला द्यायची. जुनी इलेक्ट्रिक गाडी मला मनापासून आवडली असती, कारण अशा छोट्या अंतराला तिच्याइतके सोयीचे काही नाही. पण आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही. पेट्रोल हॅचबॅक, एवढेच मग उरले.

फेब्रुवारीत एक गाडी पाहिली, जिने माझी समजूत मुळापासून बदलली. २०१६ सालची, पहिलाच मालक, आणि मीटरवर फक्त एकोणीस हजार किलोमीटर. वयोवृद्ध गृहस्थांची गाडी होती. ते तिच्यातून बाजारात आणि देवळात जात, दोन किलोमीटरच्या पलीकडे सहसा नाही. मीटर खरे होते, सर्व्हिसच्या नोंदी त्याच्याशी जुळत होत्या. मला वाटले, याहून चांगली गाडी मिळायची नाही. मिस्त्रींनी इंजिन ऑइलचे झाकण फिरवून काढले आणि उलटे करून माझ्या हातात दिले. आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर बसलेला होता. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरेसे तापले तर ती निघून जाते, नाही तर थंड भागावर तिचे पाणी होऊन ते ऑइलमध्ये मिसळते, असे त्यांनी सांगितले. इंजिन थंड ठेवणारे कूलंट आणि ऑइल यांना वेगळे ठेवणारे हेड गॅस्केट फुटल्यावरही असा थर दिसतो, म्हणून त्यांनी कूलंटही तपासले. ते स्वच्छ होते आणि पातळीही बरोबर होती. म्हणजे कारण एकच, गाडी कधी पुरती तापलीच नव्हती. मग त्यांनी वाकून सायलेन्सर दाखवला. सांध्यापाशी तो आतून गंजून कुरतडला गेला होता. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची असूनही स्टार्टर कण्हत होता.

माझी गाडीही उद्या अशीच वापरली जाणार आहे, हे त्या झाकणाकडे पाहताना मला स्पष्ट दिसले. तोवर मी प्रत्येक जाहिरातीत सर्वांत आधी किलोमीटर पाहत असे आणि आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली, असे धरून चालत असे. आठ-नऊ वर्षांत एकोणीस हजार चाललेल्या गाडीने माझ्या वापराचा सगळा त्रास आधीच सोसलेला होता, आणि पुढचा त्रास मी तिला देणार होते. मला हवी होती ती नियमितपणे लांब अंतर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली, मीटरवर पन्नास-साठ हजार दाखवणारी गाडी. तेव्हापासून जाहिराती वाचण्याची माझी पद्धतच उलटी झाली.

एप्रिलमधली गाडी मात्र विस्ताराने सांगायला हवी, कारण नागपुरात जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला असा प्रसंग येऊ शकतो. एका डीलरकडे २०१७ सालची ऑटोमॅटिक हॅचबॅक होती, एमएच ३१ पासिंग, आतून-बाहेरून चकचकीत, किंमत बाजारापेक्षा चाळीसेक हजारांनी कमी. मी विम्याचा कागद मागितला. पॉलिसी ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ अशी होती आणि तिच्यात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, २० टक्के लिहिला होता. हा बोनस दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर थांबतो. २०१७ पासून एकाच मालकाकडे असलेल्या आणि दावा न झालेल्या गाडीचा बोनस एव्हाना ५० टक्के असायला हवा होता. तो २० असेल, तर दाव्याविना फक्त एकच वर्ष गेले आहे आणि त्याच्या आदल्या पॉलिसीत, म्हणजे ऑक्टोबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळात, दावा झाला असणार. डीलर म्हणाला, दाराला ओरखडा होता. तसे असूही शकते. एखाद्या बंपरच्या दाव्यानेही बोनस शून्यावर येतो. पण त्या वर्षात २३ सप्टेंबर २०२३ ही तारीख येते आणि ती या शहरात कोणी विसरलेले नाही. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि अंबाझरी लेआउटसारख्या भागांत खाली उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात बुडाल्या.

मी पुढच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढत गेले, जिथे एरवी कोणी ओढत नाही तिथपर्यंत, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची आडवी रेघ होती. बोटाने घासली, तर बारीक पूड निघाली. मुलीने सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवर मोबाइलचा उजेड टाकला; स्क्रूंच्या खाचांत गंज होता, आणि गालिचा मात्र कोरा करकरीत. मिस्त्रींनी डिक्कीतली स्टेपनी उचलली, तर तिच्या खालच्या खोलगट भागात वाळलेला गाळ कोपऱ्यात चिकटून होता. धुणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोहोचला नव्हता. पाण्यात गेलेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंगचे जोड आणि एअरबॅगचे सुटे भाग आतून हळूहळू सडत जातात आणि ते कधी दगा देतील, हे कोणालाच सांगता येत नाही. ज्यांच्या घरात त्या दिवशी पाणी शिरले, त्यांच्याबद्दल मला सहानुभूतीच आहे. परंतु विकणाऱ्याने हे लपवून ठेवावे, याचा मला फार राग आला आणि तो मी तिथे बोलून दाखवला.

शेवटी मे महिन्यात, एका सहकारी शिक्षिकेच्या ओळखीतून, २०१८ सालची वॅगनआर सापडली. हजार सीसीचे पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, मीटरवर चौपन्न हजार. मालक बँकेतून निवृत्त झालेले एक काका. महिन्यातून दोनदा अमरावतीला शेतीवर जात. म्हणजे दीडशे किलोमीटरचा सलग रस्ता, नियमित. कमरेच्या दुखण्यामुळे मला वाकून बसावे लागेल अशी गाडी चालणार नव्हती आणि वॅगनआरची सीट उंच असल्याने तिच्यात नुसते सरकून बसता येते. एक गोष्ट मी आग्रहाने पाहिली. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली, त्याआधीच्या अनेक छोट्या गाड्यांत ती नसे. या गाडीत दोन्ही एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, होते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो, हेही दोन-तीनदा पाहून घेतले, कारण दिवाच लागत नसेल तर तो कोणीतरी काढलेला असू शकतो.

ही गाडी मी दोनदा तपासली. पहिल्यांदा सकाळी साडेसहाला, आणि काकांना आधीच विनंती केली होती, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झाले, धूर नाही, खडखड नाही. दुसऱ्यांदा दुपारी दोन वाजता, पारा चव्वेचाळीसवर असताना, काकांनी ती मुद्दाम तासभर उन्हात उभी ठेवली होती. नागपुरात एसी तपासायचा तर तो याच वेळी. सकाळी कोणताही एसी थंड वाटतो. दहा मिनिटांत आतली हवा सुसह्य झाली आणि सिग्नलला उभे असतानाही गारवा टिकला. टायरवरचा चार आकडी शिक्का मात्र २०१८ चा होता. शेवटचे दोन आकडे साल सांगतात, पहिले दोन आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सात वर्षांचे रबर आमच्या उन्हात कडक होते, म्हणून चारही टायर बदलावे लागणार होते. काकांनी तीन लाख पंच्याऐंशी सांगितले होते. टायरचा खर्च मोकळेपणाने मांडल्यावर तीन लाख सदुसष्ट हजारांवर व्यवहार ठरला.

कागदपत्रांत एक अडचण निघाली. कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटले होते, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला नव्हता; एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकताच ते दिसले. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तोपर्यंत मी चाळीस हजार रुपये राखून ठेवले आणि काकांनीही त्याला हरकत घेतली नाही. दोन जुनी ई-चलाने त्यांनी भरली. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट त्यांनी आधीच बसवली होती. नंतर गाडी माझ्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि गाडी ताब्यात घेतल्याची पावती आम्ही तारखेसह वेळ लिहून केली, म्हणजे त्यानंतरच्या ई-चलानांची जबाबदारी माझी. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घेतला. काकांचा ५० टक्के बोनस त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीसोबत येत नाही, म्हणून फरकाची रक्कम मला भरावी लागली. हा खर्च मी हिशेबात धरला नव्हता, तेवढे मात्र चुकले.

शाळा उघडली त्या दिवसापासून गाडी रोज चालते आहे. वर्षाला माझे जेमतेम सहा हजार किलोमीटर होतील, त्यामुळे दहा हजारांची वाट पाहिली तर ऑइल दीड वर्षाहून अधिक काळ बदलले जाणार नाही. मिस्त्रींनी दर सहा महिन्यांची तारीख लिहून चिठ्ठी दाराच्या आतल्या कडेला चिकटवून दिली आहे. पुढची तारीख डिसेंबरची आहे. दर रविवारी सकाळी मी आणि मुलगी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जातो, तिथे चहा घेतो आणि परततो. जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आसपास होतात आणि आठवडाभर अर्धवट तापलेले इंजिन तेवढ्यात नीट गरम होते. परवा मी स्वतः ऑइलचे झाकण काढून उजेडात पाहिले. आतली बाजू कोरडी आणि स्वच्छ होती.