माळ हिरवा कधी असतो? गवताळ माळरानांचा नकाशा करताना

एप्रिलमधलं उपग्रहचित्र उघडून बारामती–सोलापूर पट्ट्यातला एखादा माळ पाहिला, तर पडद्यावर करडा-तपकिरी डाग दिसतो. झाड नाही, पीक नाही, पाणी नाही. त्या डागाला नकाशात ‘पडीक’ म्हटलं की पुढचं आपोआप ठरतं: वृक्षलागवडीचे खड्डे, सौर प्रकल्प, नाहीतर औद्योगिक वसाहत. जागेवर गेलं तर त्याच मुरमाड जमिनीत पवन्या, मारवेल, कुसळी वाळून उभी असतात. धाविक पक्ष्याची अंडी तिथे उघड्यावर असतात आणि लांडगे, चिंकारे त्याच माळावर वावरत असतात. पहिल्या पावसाची वाट बघणारं हे सगळं एका उन्हाळी चित्रात येत नाही, म्हणून ते नसतंच असं धरलं जातं.

भारत सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात २०१५-१६ साली देशाची १६.९६ टक्के जमीन, म्हणजे साडेपाच कोटी हेक्टरांहून जास्त, ‘पडीक’ गटात मोजली आहे. त्यात ‘झुडपी जमीन’ नावाचा मोठा वर्ग आहे. दख्खनचे कितीतरी जिवंत माळ याच वर्गात जाऊन बसलेत. त्यामुळे गवताचा वेगळा, नेमका नकाशा करणं हे माळरान वाचवण्याचं पहिलं काम आहे असं मी मानतो. त्यासाठी लागणारी चित्रं आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतात. चुका मात्र बहुतेक ठरावीक ठिकाणी होतात.

एक चित्र कधीच पुरत नाही, हे आधी मनाशी पक्कं करायचं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी मिळतात आणि त्यांच्या लाल (बी-४) व डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त (बी-८) पट्ट्यांतला चित्राचा एक ठिपका, म्हणजे चौकोन, जमिनीवर १० मीटरचा असतो. एक हेक्टर म्हणजे १०० चौकोन, एक एकर म्हणजे साधारण ४०. (बी-८ वजा बी-४) भागिले (बी-८ अधिक बी-४) केलं की हिरवेपणाचा निर्देशांक, एनडीव्हीआय, मिळतो. तो जून ते मे असा वर्षभर महिन्यामहिन्याला काढायचा. जमीन ओळखू येते ती या आकड्यांच्या आलेखातल्या वर्षभराच्या रेषेवरून.

बऱ्या पावसाच्या वर्षी माळाची रेषा जुलैत चढायला लागते, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात साधारण ०.४५ ते ०.६ पर्यंत जाते आणि डिसेंबरपर्यंत सावकाश उतरून ०.२ च्या आसपास स्थिरावते. रब्बी ज्वारीचं शेत याच्या उलट वागतं. खरिपात ते नांगरून मोकळं ठेवलेलं असतं, म्हणून सप्टेंबरात रेषा खाली असते आणि डिसेंबर-जानेवारीत वर जाते. ऊस वर्षभर वरच असतो आणि तोडणीच्या वेळी एकदम कोसळतो. बाजरीचं शेत मात्र फसवतं. तेही माळासारखंच सप्टेंबरात हिरवं असतं. फरक उतारात असतो. गवत हळूहळू वाळतं, तर बाजरीची कापणी झाली की पुढच्या एक-दोन चित्रांत रेषा धाडकन खाली येते. म्हणून ऑक्टोबरचं चित्र हातातून जाऊ द्यायचं नाही.

दुसरा गोंधळ पडीत टाकलेल्या शेताचा. एक वर्ष पेरलं नाही की शेतात तण-गवत येतं आणि त्या वर्षीची रेषा हुबेहूब माळासारखी दिसते. याला उपाय एकच, किमान तीन वर्षं एकत्र बघायची. एखाद्या चौकोनात तीनपैकी एका वर्षी जरी पिकाची खूण आली, तरी तो माळ नाही. त्या तीन वर्षांत २०१८ सारखं दुष्काळी वर्ष आलं तर ते वेगळं ठेवायचं, कारण तेव्हा माळाची रेषाच इतकी बसकी असते की तो उघड्या खडकात जमा होतो. सगळ्या जगाचे तयार जमीन-वापर नकाशे माळ आणि पडीत शेत यांत बऱ्याचदा चुकतात. ते जसेच्या तसे वापरून कुठे रोपं लावायची हे ठरवू नये.

वाळलेलं गवत आणि उघडी माती यांचा एनडीव्हीआय जानेवारीनंतर जवळजवळ सारखा होतो. तिथे लघुलहरी अवरक्त पट्टे उपयोगी पडतात. (बी-११ वजा बी-१२) भागिले त्यांची बेरीज, हा आकडा वाळलेल्या काडीमुळे मोकळ्या मातीपेक्षा वर राहतो. हे पट्टे २० मीटरचे आहेत, त्यामुळे बांधालगत सरमिसळ होते. शिवाय ज्वारी काढल्यावर शेतात उरलेली धसकटंही हाच आकडा वाढवतात. म्हणजे हा निर्देशांक एकटा निकाल देऊ शकत नाही, तो वर्षाच्या रेषेसोबतच वाचायचा.

आता चित्रांमधल्या खोडी. गूगल अर्थ इंजिन अव्यावसायिक कामाला मोफत आहे आणि तिथे ही सगळी चित्रं आहेत, पण ‘हार्मोनाइज्ड’ असं नाव असलेला संचच घ्यावा. २५ जानेवारी २०२२ पासून चित्रांच्या मूल्यांत १,००० ची भर पडू लागली. साधा संच घेतला तर त्या तारखेनंतर एनडीव्हीआय सगळीकडे खाली आलेला दिसतो आणि वाटतं की गवत नष्ट झालं. ही चूक निकालात बेमालूम मिसळते. ढग ओळखून गाळण्यासाठी क्यूए-६० या जुन्या पट्ट्यावर विसंबू नये, २०२२ पासून पुढे बराच काळ तो रिकामा होता. चौकोन किती स्वच्छ आहे हे ० ते १ मध्ये सांगणाऱ्या ‘क्लाउड स्कोअर प्लस’ची मर्यादा ०.६ पासून सुरू करून पाहावी आणि मग ढग गाळलेली चित्रं डोळ्यांनी तपासावीत. फिकट मुरमाचे चकाकणारे तुकडे काही गाळण्यांत ढग म्हणून उडतात, आणि नेमका माळच नकाशातून गायब होतो. ऑगस्टात एकही स्वच्छ चौकोन मिळाला नाही, तर तिथे ओढूनताणून आकडा भरण्यापेक्षा १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर असा एकच कालखंड धरावा.

क्षेत्रफळ मोजताना नकाशा अंशांमध्ये राहिला तर उत्तर निरर्थक येतं. त्यासाठी नकाशा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत आणावा. पुणे, सोलापूर, सातारा हे यूटीएमच्या ४३ उत्तर विभागात येतात (सॉफ्टवेअरमधला ईपीएसजी क्रमांक ३२६४३). ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, नागपूर-गडचिरोलीकडे, ४४ उत्तर विभाग लागतो.

यानंतर पायी काम. संगणकाला माळ, शेत, खडक असे वर्ग शिकवण्यासाठी लागणारे नमुने पडद्यासमोर बसून गोळा केले तर नकाशा आपलेच अंदाज आपल्याला परत देतो. प्रत्येक वर्गाचे किमान ५० ते १०० नमुने हवेत. नोंदी घेण्यासाठी क्यू-फील्ड हे ॲप मोबाइलवर टाकून जावं. उघड्या माळावर फोनचा जीपीएस साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत अचूक येतो, पण उभं राहिल्या राहिल्या नाही. अर्धा-एक मिनिट थांबून अचूकतेचा आकडा ५ मीटरच्या खाली आला की नोंद करायची. बांध, रस्ता, झाडोरा यांपासून निदान ३० मीटर आत. नोंदीत गवताची जात, उंची, चराई किती, दगडगोटे, चर खोदलेत का हे लिहावं आणि चारही दिशांचे फोटो घ्यावेत.

चरांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. माळावर समतल चर खोदून गिरिपुष्पाची झाडं लावलेली असतील, तर पावसाळ्यात ती गवतासारखीच हिरवी दिसतात. १० मीटरच्या चौकोनात चर दिसत नाहीत. गूगल अर्थच्या जुन्या, बारीक चित्रांत जाऊन वर्षं मागेपुढे केली की मात्र उतारावर फणीने ओढल्यासारख्या समांतर रेघा उमटलेल्या दिसतात, आणि त्या कोणत्या वर्षापासून आल्या हेही कळतं. असा माळ वेगळ्या वर्गात टाकायचा. चरांमधलं गवत अजून टिकून असेल, तर वाचवण्यासाठी पहिली धाव तिकडेच घ्यावी.

नमुने हातात आले की त्यांवरून प्रत्येक चौकोनाचा वर्ग ठरवायला रँडम फॉरेस्ट ही संगणकी पद्धत पुरेशी आहे, तिच्यात २०० ‘झाडं’ (निर्णयवृक्ष) ठेवली तरी चालतं. सोबत उंची आणि उतार द्यावा, कारण इथे काळी जमीन खोलगट भागात आणि माळ वरच्या मुरमावर असतो. सपाट माळावर उंचीच्या आकड्यांतले बारीक हेलकावे खोटा उतार दाखवतात, तेवढं ध्यानात ठेवावं. तपासणीचे नमुने शिकवण्याच्या नमुन्यांतूनच चिठ्ठ्या टाकून वेगळे केले तर एकाच माळाचे शेजारशेजारचे चौकोन दोन्हीकडे जातात आणि अचूकता ९५ टक्क्यांवर चढते. ती खोटी असते. शिकवायला काही गावं घ्यावीत आणि तपासायला पूर्ण वेगळी गावं.

चौकोन मोजून ‘इतके हेक्टर माळ’ असं जाहीर करणं हीही चूकच. समजा एक लाख हेक्टरांच्या तालुक्यात नकाशा १२,००० हेक्टर माळ दाखवतो. नकाशातल्या माळावर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १०० ठिकाणी जाऊन पाहिलं, ८२ खरे निघाले. उरलेल्या ८८,००० हेक्टरांत २०० ठिकाणं पाहिली, तिथे ८ माळ निघाले. मग अंदाज होतो ९,८४० अधिक ३,५२०, म्हणजे १३,३६० हेक्टर. त्या ८ ठिकाणांपैकी प्रत्येक ४४० हेक्टरांचं प्रतिनिधित्व करतं, म्हणून ‘माळ नाही’ म्हटलेल्या भागातही तपासणी टाळता येत नाही. नेमकी तीच सहसा टाळली जाते.

संरक्षणाची रेघ आणि गवताची हद्द यांत किती अंतर असू शकतं हे सोलापूर-नान्नजच्या माळढोक अभयारण्यावरून दिसतं. १९७९ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा क्षेत्र जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होतं, शेतं आणि गावं धरून. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. गवताचे तुकडे कुठे आहेत, ते एकमेकांपासून किती लांब आहेत आणि मधे कालवा, कुंपण, रस्ता काय आडवं येतं, हे अशा आकड्यांत कुठेच नसतं. ते दाखवायचं काम आपल्या नकाशाचं.

माळ कोणाचा आहे हे कळायला गटांचे नकाशे वर ठेवावे लागतात. ते उपग्रहचित्रावर क्वचितच नेमके बसतात. गावाचा कोपरा ओढून बसवू नये. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, न हललेला रस्ता असे निदान सहा बिंदू जागेवर मोजून नकाशा बसवावा. मग गायरान, वन आणि खासगी असे वेगळे रंग देता येतात. सातबारावरचा ‘पोटखराबा’ (लागवडीला अयोग्य जमीन) हा शब्द पिकाच्या हिशेबातला आहे, तो तसाच उचलून आपल्या नकाशाच्या सूचीत लिहू नये. तिथे ‘गवती माळ’ असंच लिहावं.

मराठीत माहिती भरताना शेपफाइल हा नकाशाच्या फाइलचा जुना प्रकार वापरू नये. तिच्या रकान्याच्या नावाला १० बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं एक अक्षर-चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे ‘गवताची जात’ हे नाव ‘गवत’ इतकंच उरतं. त्याऐवजी जिओपॅकेज हा प्रकार वापरावा.

लांडग्याचं बीळ, माळढोक किंवा तणमोर हे पक्षी दिसल्याची जागा यांचे बिंदू मात्र बाहेर पडणाऱ्या नकाशात कधीही टाकायचे नाहीत. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि दाखवायचेच असतील तर १० किलोमीटरच्या चौकटीत.

शेवटी छपाई. १:१०,००० प्रमाणात ए-३ कागदावर साधारण ४.२ बाय ३ किलोमीटर मावतात, म्हणजे लहान गाव एक-दोन कागदांत येतं. हा कागद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावा, लोकजैवविविधता नोंदवहीला जोडता येतो. देण्याआधी एकदा मेंढपाळांसमोर पसरावा. कोणत्या माळाला काय म्हणतात, मेंढरांची वाट कुठून जाते, पाणी कुठे टिकतं हे त्यांना विचारून पेन्सिलीने कागदावरच लिहून घ्यावं आणि त्याच नावांनी नकाशा पुन्हा छापावा. खालच्या कोपऱ्यात वापरलेल्या चित्रांचे महिने आणि वर्षं लिहावीत.