कमकुवत बोली आणि किलवरची राणी

रविवार, रात्र

आज ब्रिजच्या एका डावात पूर्वेकडच्या काकांनी पत्ते वाटताच दोन इस्पिकांची बोली लावली, म्हणजे इस्पिक हुकूम धरून आठ हात घेऊ असे म्हटले. ही बोली मला फार आवडते, कारण ती टेबलावरच्या चौघांनाही एकाच वेळी एकच गोष्ट सांगते : माझ्याकडे एक सहा पानी रंग आहे आणि साधारण सहा ते दहा पॉइंट आहेत (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक), त्याहून जास्त काही नाही. जुन्या काळी दोनची बोली म्हणजे भरभक्कम पाने असा अर्थ होता. तो उलटा करून कमकुवत दोनची बोली रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेच्या हॉवर्ड शेंकेन यांना दिले जाते. तिचा पहिला हेतू प्रतिस्पर्ध्यांची जागा खाण्याचा असतो, आणि तो हेतू आजही साधला. कारण एरवी एक बदाम म्हणून निवांत सुरुवात करणाऱ्या मला पहिलेच वाक्य तीनच्या पातळीवर बोलावे लागले.

माझ्याकडे इस्पिक एक्का, सत्ती, दुर्री. बदाम राजा, राणी, गुलाम, नव्वी, पंजी. चौकट अठ्ठी, तिर्री. किलवर एक्का, गुलाम, छक्की. मी तीन बदाम म्हटले, पश्चिमेने पास दिला आणि समोरच्या जोडीदाराने चारवर, म्हणजे दहा हातांवर नेले. त्याच्याकडे बदामाचा एक्का, दश्शी, छक्की, इस्पिकची दोन पाने, चौकट गुलामासह चार आणि किलवर राजा, दश्शी, नव्वी, तिर्री. दोघांचे मिळून फक्त तेवीस पॉइंट. बोलीने आम्हाला थोडे अंधारातच गेमपर्यंत (मोठा बोनस देणाऱ्या बोलीपर्यंत) ढकलले, हे मान्यच करायला हवे.

इस्पिक दश्शीची उतारी मी एक्क्याने घेतली आणि लगेच इस्पिक परत खेळलो. पूर्वेने हात घेऊन चौकट एक्का वाजवला, मग छोटे चौकट. ते पश्चिमेने राणीने घेऊन बदाम खेळले. मी हातातून राजा लावून हात घेतला आणि तिसरे इस्पिक डमीतल्या (जोडीदाराच्या टेबलावर मांडलेल्या पानांतल्या) बदाम दश्शीने मारले. त्यावर पश्चिमेने चौकट फेकले. बाहेर असलेल्या बदामांत अठ्ठीहून मोठे पान नव्हते, त्यामुळे दश्शीवर कोणी चढण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे डमीचा एक्का, एक चौकट हातात मारून परत येणे आणि उरलेला हुकूम ओढणे, इतके झाल्यावर प्रश्न एकच उरला : किलवरची राणी कोणाकडे? फिनेस (राणी एका बाजूला आहे असे धरून तिच्याहून लहान पानाने हात काढणे) दोन्ही बाजूंनी घेता येत होता. चुकला तर नऊच हात.

इथे ती बोली कामाला आली. पश्चिमेकडे इस्पिकची दोनच पाने निघाली, म्हणजे राजा, राणी, गुलाम तिघेही पूर्वेकडे. ते सहा पॉइंट, त्यात चौकट एक्क्याचे चार, झाले दहा. किलवरची राणीही त्यांच्याकडेच असती तर बारा झाले असते, आणि बारा पॉइंट व असा इस्पिक रंग असताना काकांनी एक इस्पिकच म्हटले असते. शिवाय सहा इस्पिकांनंतर पूर्वेकडे सातच जागा मोकळ्या होत्या, पश्चिमेकडे अकरा. म्हणजे नुसत्या पानांच्या संख्येनेही कौल त्याच बाजूला होता. मी एक्का खेळलो, मग गुलाम. पश्चिमेने छोटे पान टाकले, मी डमीतून तिर्री टाकली आणि गुलामाने हात घेतला. दहा हात, व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढतात ती स्थिती) नसताना 420 गुण.

यावरून काही जण म्हणतील की अशी बोलीच लावू नये. मला ते पटत नाही. ती लावताना हिशेब मात्र पक्का हवा : व्हल्नरेबल नसताना डबलवर (समोरच्यांनी दंड वाढवला असताना) तीन हात कमी पडले तर 500 जातात, आणि समोरचे 420 वाचवायला ते महाग आहे, समोरचे व्हल्नरेबल असतील, त्यांचे 620 होणार असतील, तर मात्र तो सौदा चांगला. जोडीदाराने अजून पास दिलेला नसताना रंग धड हवा, कारण तो दोन नो ट्रंप (बिनहुकुमाची बोली) म्हणून विचारेल तेव्हा ओगस्ट पद्धतीत आपल्याला दोनच गोष्टी सांगता येतात, पाने किती बरी आणि रंग किती बरा. त्या खऱ्या नसल्या तर तो बिचारा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. तिसऱ्या जागेवर, जोडीदार पास झालेला असताना, मी पाच पानी रंगावरही ही बोली लावतो, आणि तेव्हा समोरच्या डिक्लेअररला (डाव खेळणाऱ्याला) माझ्याविषयी आज मी केले तसे गणित बिनधास्त करता येत नाही.